जुन्या गाडीचा कोमट हीटर

नोव्हेंबरातली सकाळ. बाहेर चार अंश. पाऊस म्हणावा तर पडत नाही आणि कोरडं म्हणावं तर रस्ता ओलाच. तुम्ही आम्स्टेलवेनहून उट्रेख्टकडे निघाला आहात, मागच्या सीटवर दोन मुलं. हीटरची खुंटी लाल खुणेच्या टोकापर्यंत फिरवलेली, पंखा चारवर, आणि जाळीतून येतंय ते जेमतेम कोमट वारं. पायाला गारठा लागतोय याचं तितकं काही नाही, मोजे घालता येतात. पण समोरची काच आतून पांढरी व्हायला लागली आहे, आणि बाहीने पुसली की पुढच्या मिनिटाला पुन्हा तसंच. ए-टूवर दोन्ही बाजूंनी ट्रक असताना हे परवडणारं नाही.

इथे नव्या गाडीवरचा बीपीएम कर पाहिला की आपल्यातले बरेचजण पहिली गाडी 'ऑकेझन', म्हणजे वापरलेली घेतात. दहा-बारा वर्षांची गाडी जुलैत घेतली, तर चालवून पाहताना हीटर कोण लावून बघतो? आणि पुण्या-मुंबईत गाडी चालवलेल्या माणसाला हीटर ही चीज फारशी ठाऊकच नसते. त्यामुळे हीटर कोमट झाला की आपण सोसतो. लेखाचा मुद्दा इतकाच आहे की सोसू नका. हीटर हे गाडीतलं वेगळं यंत्र नाही. ती इंजिन थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेची एक फांदी आहे, आणि त्या व्यवस्थेत काही बिघडलं की बऱ्याचदा पहिली बातमी हीटरच देतो. डॅशबोर्डवरचा दिवा नंतर लागतो, आणि कधीकधी फार नंतर.

आधी उष्णता येते कुठून ते पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. ताशी १०० किलोमीटरने जाताना गाडी तासाला सहा लिटर पेट्रोल पीत असेल, तर इंजिनात सुमारे ५३ किलोवॉट या दराने इंधन जळतंय. त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो. तेवढाच भाग धुराबरोबर मागून निघून जातो. उरलेला बराचसा इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये उतरतो. ढोबळमानाने १५ किलोवॉट. घरातली पाण्याची किटली दोन किलोवॉटची असते. म्हणजे सात-आठ किटल्या एकदम चालू असल्यासारखी ही उष्णता, आणि ती फुकट आहे, एरवी पुढच्या रेडिएटरमधून वाऱ्यावरच सोडायची. त्यातली थोडी वळवून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवतात आणि त्यावरून पंख्याने हवा सोडतात. हा छोटा रेडिएटर म्हणजे हीटर कोअर. डच गॅरेजवाला गाडीच्या हीटरला 'काखल' म्हणेल, आणि या कोअरला 'काखलराडियातोर'. शब्द लक्षात ठेवा, पुढे बिलावर दिसतील.

पंखा पूर्ण वेगात तासाला सुमारे ३०० घनमीटर हवा ढकलतो असं धरू. ती पाच अंशांवरून पंचावन्नवर न्यायला साधारण पाच किलोवॉट लागतात. इंजिनाकडे १५ आहेत, म्हणजे तंगी नाही. आता सिगारेट लायटरच्या भोकात लावायचे १२ व्होल्टचे जे छोटे हीटर मिळतात त्यांचा हिशोब करा: १२ व्होल्ट गुणिले जास्तीत जास्त १५ अँपिअर, म्हणजे १८० वॉट. पाच किलोवॉटच्या जागी पाव किलोवॉटही नाही. ते घेऊ नका.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. उभ्या गाडीचं इंजिन तासाला जेमतेम पाऊण-एक लिटर पेट्रोल जाळतं, त्यामुळे कूलंटला दोन-अडीच किलोवॉटच मिळतात. इंजिनाचं लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, तेल आणि पाच-सहा लिटर कूलंट मिळून दोन अंशांवरून नव्वदवर न्यायला सहा-सात मेगाज्यूल लागतात. दारात गाडी चालू ठेवून घरात चहा प्यायला गेलात तर अर्धा-पाऊण तास लागेल. काच बाहेरून खरवडा आणि हळूहळू निघा, तेच लवकर तापवतं. आणि तुमचा रोजचा प्रवास शाळेपर्यंतचा तीन किलोमीटर असेल, तर हीटर कोमट असणं हा बिघाडच नाही, तो भौतिकशास्त्राचा नियम आहे. डिझेल गाडीत तर जास्तच, कारण डिझेल इंजिन कमी भारावर फार थोडी उष्णता वाया घालवतं. म्हणून बऱ्याच डिझेल गाड्यांत मदतीला विजेवर चालणारा तापक बसवलेला असतो. तेव्हा तक्रार ठरवण्याआधी गाडी वीस मिनिटं सलग चालवा.

त्याही आधी एक बटण बघा. गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं. आपल्याकडे धूळ, धूर आणि ऊन यांमुळे हे बटण दाबलेलंच ठेवायची सवय असते; आतली हवा आतच फिरते. इथल्या हिवाळ्यात ही सवय घातक आहे. बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसं, ओले कोट, छत्री असं सगळं धरलं तर तासाला पाव लिटरही होईल. गाडीतली हवा सुमारे तीन घनमीटर. वीस अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या गाडीत पन्नासेक ग्रॅम. बाकीचं पाणी सगळ्यांत गार पृष्ठभाग शोधतं, आणि तो म्हणजे काच. याउलट बाहेरची डच हवा कितीही दमट वाटली तरी पाच अंशांना तिच्यात घनमीटरमागे सातच ग्रॅम पाणी असतं. तीच हवा आत घेऊन वीस अंशांवर तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे बाहेरची ओली हवा हीच आतली काच कोरडी करणारी हवा. ते बटण बंद करा आणि एसी चालू करा. होय, हिवाळ्यात एसी. तो हवा गार करताना तिच्यातलं पाणी काढून घेतो, मग हीटर ती तापवतो. (बाहेर तीन-चार अंशांच्या खाली बऱ्याच गाड्यांत तो आपोआप बंद होतो, तेव्हा त्याच्यावर रागावू नका.)

एवढं करूनही वारं कोमटच असेल, तर खरा तपास सुरू.

सगळ्यांत स्वस्त उपकरण म्हणजे तुमचं निरीक्षण. दोन प्रश्न विचारा: हीटर सिग्नलला उभं असताना चांगला चालतो की हमरस्त्यावर? उत्तरावरून दोन अगदी वेगळे रोग निघतात.

सिग्नलला ऊब येते आणि वेग घेतला की गार पडतो, तर संशय थर्मोस्टॅटवर. इंजिन आणि मोठा रेडिएटर यांच्यामध्ये ही एक झडप असते. तिच्या पोटात मेणाची कुपी असते. मेण ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८५ ते ९० अंशांच्या आसपास, वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. तोवर कूलंट रेडिएटरकडे जातच नाही, इंजिनाभोवती आणि हीटरमधूनच फिरत राहतं. ही झडप उघडीच अडकली, तर हमरस्त्यावरचा गार वारा रेडिएटरमधून सगळी उष्णता ओढून नेतो. आफ्स्लाउटडाइकवरच्या ३२ किलोमीटरांत वाडनसमुद्राचा वारा आडवा येत असताना ही परीक्षा आपोआप होते.

इथे आपल्याकडच्या एका सल्ल्याबद्दल बोलायलाच हवं. 'थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी कधी तापणार नाही' हे वाक्य तुम्ही गावाकडच्या मेकॅनिककडून किंवा एखाद्या अनुभवी काकांकडून ऐकलं असेल. मे महिन्यातल्या घाटात त्यात थोडं तथ्य दिसतं, आणि हीटर कोणी लावतच नसल्यामुळे तोटा कळत नाही. पण इंजिन गार राहिलं की संगणकाला वाटतं अजून सुरुवातच आहे. तो जास्त पेट्रोल टाकत राहतो. न जळलेलं पेट्रोल तेलात मिसळतं, तेल पातळ होतं, झीज वाढते. डच हिवाळ्यात थर्मोस्टॅट नसलेली गाडी म्हणजे झाकण न ठेवता भात शिजवायला बसण्यासारखं आहे.

तापमानाच्या काट्यावर मात्र विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम 'शांत' केलेला असतो: कूलंट ७५ अंशांवर असो की १०५, काटा मध्यावर. खरा आकडा हवा असेल तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटात बसणारा छोटा ब्लूटूथ वाचक घ्या. युरोपात २००१ नंतरच्या पेट्रोल आणि २००४ नंतरच्या डिझेल गाड्यांत हे सॉकेट असतंच. फोनवर कूलंटचं तापमान दिसतं. हमरस्त्यावर ते साठ-पासष्टवर घुटमळत असेल तर निकाल लागला. संगणकाने पी०१२८ हा संकेत नोंदवला असेल तर तोही इकडेच बोट दाखवतो. वाचक नसेल तर गार इंजिन सुरू करून रेडिएटरकडे जाणारा जाड पाइप चाचपा. तो बराच वेळ गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी आहे. (काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे तो पाइप बघायचा.) हा भाग स्वस्त असतो आणि पुष्कळ गाड्यांत तासाभरात बदलून होतो.

आता उलटी तऱ्हा. रस्त्यावर ऊब, सिग्नलला गार, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुन्हा ऊब. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल तर शंकाच नको: कूलंट कमी आहे आणि त्या जागी हवा शिरली आहे. हीटर कोअर हा पुष्कळ गाड्यांत त्या सगळ्या पाइपांमधला जवळजवळ सर्वांत उंच भाग. हवा वर जाऊन तिथे बसते. पंप पाणी ढकलू शकतो, हवेचा बुडबुडा नाही. इंजिन जोरात फिरलं तरच थोडं पाणी त्याला ओलांडून जातं. ही खूण मी सगळ्यांत गंभीर मानतो. कारण कूलंट बंद वर्तुळात फिरतं, ते इंधनासारखं खर्च होत नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गेलं.

टाकीची पातळी गार इंजिनावर, सकाळी बघा. गरम असताना झाकण कधीही उघडू नका. आत वातावरणापेक्षा सुमारे एक बार जास्त दाब असतो, त्यामुळे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब पडतो आणि ते सगळं एकाच क्षणी उकळून तुमच्या हातातोंडावर येतं. प्रेशर कुकरची शिट्टी काढून झाकण ओढण्याइतकंच हे वेडेपणाचं.

पातळी खाली गेली असेल तर गेलं कुठे? गाडीखाली रंगीत डाग असेल तर बाहेरची गळती, बरी गोष्ट. शेजारच्या सीटच्या पायाशी गालिचा ओला, आत गोडसर वास आणि काचेवर पुसता न पुसणारा तेलकट थर असेल तर हीटर कोअर गळतंय. (नुसतं साधं पाणी असेल तर वेगळं कारण: वायपरखालच्या खाचेत साचलेल्या पानांनी पाण्याचं भोक बुजवलेलं असतं. दर शरदात ती पानं काढा. काच धुरकटणं निम्मं तिथेच थांबतं.) आणि बाहेर काहीच दिसत नाही, तरी पातळी दर आठवड्याला उतरते, मागून गोड वासाचा पांढरा धूर गाडी तापल्यावरही येत राहतो, तर प्रश्न हेड गॅसकेटचा. डचमध्ये 'कॉपपाकिंग'. सिलिंडरमधला धूर कूलंटमध्ये शिरतोय, कूलंट सिलिंडरमध्ये. तेलाच्या झाकणाखाली पिवळट मलई दिसली की लोक लगेच घाबरतात, पण रोज तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या साचलेल्या वाफेनेही होते. तिच्यावरून निकाल देऊ नका.

निकाल देणारी चाचणी सुंदर आहे, शाळेच्या प्रयोगशाळेतली. टाकीच्या तोंडावर एक काचेची नळी बसवतात, तिच्यात निळा द्रव. टाकीतली हवा त्यातून ओढतात. त्या हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार करतो आणि निळा दर्शक हिरवा, मग पिवळा होतो. दहा मिनिटांचं काम. गॅरेजला ही 'सेओ-त्वे टेस्ट' आधी करा म्हणून सांगा, मग पुढच्या खर्चाचं बोला. निळा निळाच राहिला तर पैसे वाचले. पिवळा झाला तर ती गाडी घेऊन ख्रिसमसच्या सुट्टीत जर्मनीला जाऊ नका. हीटर गार होणं आणि इंजिन तापून डोकं वाकडं होणं यांत मग फार अंतर राहत नाही.

पातळी ठीक, थर्मोस्टॅट ठीक, तरी सदा कोमट? मग इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीत शिरणारे दोन बारीक पाइप शोधा. एक कोअरमध्ये गरम पाणी नेतो, दुसरा परत आणतो. इंजिन तापलेलं, हीटर पूर्ण, पंखा मध्यम. बॉनेटखाली हात घालताना मफलर आणि ओढणी काढून ठेवा. पट्टा फिरत असतो, आणि विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर काळ्या रबरावर रोखा, चकचकीत क्लिपवर नाही. चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि भोवतालची परावर्तित करतो, त्यामुळे ऐंशी अंशांची क्लिप तीसची दिसते.

दोन्ही पाइप चांगले गरम, परतीचा दहा-पंधरा अंशांनी कमी: पाण्याची बाजू निर्दोष. दोष हवेच्या बाजूला. एकतर केबिन फिल्टर पानांनी आणि धुळीने गच्च भरलाय (वारं कमी येत असेल तर हेच, फिल्टर स्वतः बदलता येतो), नाहीतर गार-गरम हवा मिसळणारी झडप अडकली आहे. खुंटी फिरवताना डॅशबोर्डमागे टक-टक-टक ऐकू आलं तर तिच्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते गेलेत. जुन्या गाड्यांत मोटरऐवजी तार असते, ती निसटते. चालकाकडे गरम आणि शेजारी गार, हेही बहुधा याच झडपेचं काम.

एक पाइप पोळणारा आणि दुसरा जवळजवळ गार: कोअर तुंबलंय. त्यातल्या नळ्या अगदी अरुंद असतात. वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकमेकांत ओतले, वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं, किंवा गळती थांबवणारी बाटली ओतली की गाळ तिथेच बसतो. ती बाटली गळतीचं भोक आणि हीटरची नळी यांत फरक करत नाही. रंगावरून कूलंट ओळखू नका, रंग कंपनीगणिक बदलतात. गाडीच्या पुस्तिकेतला क्रमांक बघा. तुंबलेलं कोअर आधी उलट्या दिशेने, कमी दाबाने धुऊन पाहतात. जमलं तर ठीक, नाहीतर नवं कोअर. तो भाग महाग नसतो, पण पुष्कळ गाड्यांत त्यासाठी सबंध डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि बिल त्या तासांचं असतं. म्हणून आधी धुवायचा आग्रह धरा.

हे सगळं पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं. ज्या गाडीत पाणीच नव्हतं तिथे हीटरची कथा वेगळी होती. आइंडहोव्हनच्या डाफ कंपनीने १९५८ साली दाखवलेली डाफ ६०० ही हवेने थंड होणाऱ्या दोन सिलिंडरांची गाडी. पाण्यावर चालणारं इंजिन त्यांच्या डाफ ५५मध्ये आलं, तेही रेनोचं. फोक्सवागनच्या बीटलमध्ये तर धुराच्या नळीभोवती पत्र्याचं आवरण असे आणि त्यातून फिरलेली हवा थेट आत येई. ते आवरण आणि नळी गंजून फुटली की ऊब आणि कार्बन मोनॉक्साइड एकाच वाटेने येत. कुणी हौशी मित्र अशी जुनी गाडी घेत असेल तर हीटर लावायच्या आधी धुराची नळी तपासून घ्यायला सांगा. आणि कुठलीही गाडी बंद गॅरेजमध्ये तापवत ठेवू नका, तिथे तोच वायू साचतो.

दुरुस्ती झाली की मोजून घ्या. स्वयंपाकघरातला थर्मामीटर मधल्या जाळीत खोचा, वीस मिनिटं चालवा. ५० ते ६० अंश दिसले तर उत्तम. बाहेरचं तापमान आणि तारीख गाडीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात तुलनेला कामी येईल. आठ वर्षांवरची पेट्रोल गाडी तशीही दरवर्षी एपीकेला जातेच, तेव्हा कूलंटचा गोठणबिंदू मोजायला सांगा. निम्मं ग्लायकॉल असेल तर तो उणे ३५च्या खाली असतो. साधं पाणी घालत-घालत ग्लायकॉल वीस टक्क्यांवर आलं तर उणे आठच्या आसपास, आणि फेब्रुवारी २०२१सारखा आठवडा आला की ते पुरत नाही.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, मांजर-कुत्री ते चाटतात आणि थोड्याशानेही मूत्रपिंड निकामी होतात. मुलांनाही तोच धोका. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, गावच्या 'मिलियुस्ट्रात'वर रासायनिक कचऱ्याच्या खिडकीत द्या. पेयाच्या बाटलीत मात्र भरू नका.